दोन्हीकडे कोरा

२५ जानेवारी २०१०, सोमवार

परीक्षा मंडळाचं पत्र आलं. एका पानात चार चुका. 'टंकलेखन' या शब्दावरचा अनुस्वारच गायब. हे लोक आमच्या पोरांच्या चुका मोजणार.

पत्रातला मुद्दा असा की मे महिन्याच्या टायपिंग परीक्षेचे अर्ज यंदापासून कागदावर घेणार नाहीत. इंटरनेटवरून भरायचे. तेही संस्थेने स्वतःच्या संगणकावरून, स्वतःच्या जोडणीवरून. शेवटची तारीख १५ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत.

सव्वीस वर्षं मी हे अर्ज स्वतः तपासून, क्रमाने लावून, रजिस्टर टपालाने पाठवत आलो. नागेश्वर टायपिंग इन्स्टिट्यूटचा एकही अर्ज त्रुटीसाठी परत आलेला नाही. आता पंधरावीस दिवसांत आम्ही इंटरनेटवाले व्हायचं.

रस्त्याच्या कामात टेलिफोनची तार तोडली त्याला सहा आठवडे झाले. तक्रार केली की ते म्हणतात, काम चालू आहे. कुणाचं?

२७ जानेवारी, बुधवार

हिंगोलीला जाऊन वैजनाथच्या दुकानातून डेटा कार्ड आणलं. आगपेटीएवढं आहे, आत मोबाइलसारखं सिम. संगणकात खोचलं की इंटरनेट सुरू, असं त्याचं म्हणणं. वैजनाथ माझाच विद्यार्थी. इंग्रजी चाळीस, दोनदा नापास.

"सर, घुसवा अन् चालू. लहान लेकरू बी करतंय."

घरी येऊन घुसवलं. पडद्यावर एक सीडीचं चित्र आलं. बाकी काहीच झालं नाही. अर्ध्या तासाने वैजनाथला फोन केला.

"सर, व्हिंडोज कोनती हाय तुमच्याकडं?"

"विंडोज नाही. लिनक्स आहे."

"ते काय असतंय?"

"ते तू सांगायचं. दुकान तुझं आहे."

"सर, खोक्यावर व्हिंडोजच लिहिलंय. वाचून घ्यायचं ना मग."

मला म्हणतो वाचून घ्यायचं.

हे सगळं प्रियदर्शनीचं काम. दिवाळीत पुण्याहून आली आणि व्हायरस झालाय म्हणून माझी विंडोज पुसून टाकली, न विचारता. "पप्पा, हे फुकट आहे, चोरीचं नाही, आणि याला व्हायरस लागत नाही." चोरीचं होतं तरी चालत होतं. आता पडद्याचा रंगसुद्धा विटकरी झालाय. तिला तेव्हाच म्हणालो होतो की माझ्या यंत्राला पुन्हा हात लावू नकोस. त्यावर ती दुसऱ्या दिवशीच गेली. सुट्टी चार दिवसांची शिल्लक होती.

३० जानेवारी, शनिवार

आमच्या सौ. शकुबाईने माझ्या नकळत पोरीला फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला. म्हणे, भाजी करपून राहिली, तुमी बोला.

प्रियदर्शनी म्हणाली, "पप्पा, मी येऊ का पुढच्या शनिवारी?"

मी म्हणालो, "यायची गरज नाही. काय करायचं ते सांग."

मग म्हणाली की कार्ड दुहेरी आहे. आधी ते स्वतःला सीडी समजतं, त्याला सांगावं लागतं की तू सीडी नाहीस, मोडेम आहेस. त्यासाठीचा प्रोग्राम ती सीडीवर घालून ट्रॅव्हल्सने पाठवणार आहे. म्हणजे इंटरनेट सुरू करायला लागणारी वस्तू इंटरनेटवर, आणि ती मला मिळणार बसच्या ड्रायव्हरच्या हातून. हे लोक मोठ्या पगारावर याच गोष्टी करतात.

२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सहाला चौकात उभं राहून ट्रॅव्हल्सवाल्याकडून पाकीट घेतलं. आत सीडी आणि सोबत चिकाटीने लिहिलेलं दोन पानी पत्र. "पप्पा, घाई करू नका. जसं आहे तसंच टाइप करा, एक स्पेससुद्धा इकडचा तिकडे नको." हे मला सांगते.

लाइट दहाला आली. काळ्या खिडकीत तिने दिलेल्या ओळी टाइप केल्या. एकही चूक नाही. एके ठिकाणी पासवर्ड मागितला तर अक्षरच उमटेना. मशीनवर अक्षर उमटलं नाही की आम्ही रिबन बघतो, इथे काय बघणार? तिला फोन केला. ती म्हणाली, "उमटत नाही पप्पा, मुद्दाम. पासवर्ड कुणाला दिसता कामा नये. कुणाला सांगायचाही नाही, मलासुद्धा." ठीक. लक्षात ठेवलं.

तिसऱ्या ओळीनंतर सीडीचं चित्र गेलं आणि वर कोपऱ्यात 'मोबाइल ब्रॉडबँड' अशी ओळ आली. बाहेर पोरं मशीनवर पॅसेज मारत होती. मी त्यांना थांबवून सांगितलं की बघा, जसंच्या तसं टाइप केलं की यंत्र ऐकतं. मुंजाजी नावाचा एक आहे, तो म्हणाला, "मग आता चालू झालं का सर?" त्याला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवलं.

चालू झालेलं नाही. आता ते देश विचारतं, कंपनी विचारतं, एपीएन विचारतं, यूजरनेम आणि पासवर्ड विचारतं. हे कंपनीकडून घ्यायचं.

३ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन. अडतीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी आली, हिंदीत सुरू झाली, मधूनमधून इंग्रजी. मी म्हणालो, बाई, मी महाराष्ट्रात आहे, मराठीत सांगा, एकेक शब्द सांगा, मी लिहून घेतो. तेव्हा कुठे सरळ झाली. एपीएन सांगितलं, ते एकेक अक्षर लिहून घेतलं.

"यूजरनेम कोरा, सर. पासवर्ड कोरा."

"दोन्हीकडे कोरा?"

"हो सर. दोन्हीकडे कोरा. झालं."

मागे लागून मराठीत बोलायला लावलं की काम किती पटकन होतं ते बघा. दोन्हीकडे एकच शब्द, लक्षात ठेवायला सोपा. पण लाखो गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड देणारी ही कंपनी चालते कशी? चोरांना मोकळं रान.

के ओ आर ए. भरलं. दोन मिनिटं चक्र फिरलं आणि जोडणी तुटल्याची पाटी आली. अकरा वेळा केलं. अकरा वेळा तुटली.

४ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं अक्षर मोठं करून पाहिलं. मग सगळी मोठी. मग शेवटी दोन ए. काही नाही.

पुजा राठोडचा आज सरावात पॅसेज घेतला. वेग चौतीस, उत्तम. पण छापील उताऱ्यात 'सुचना' असं चुकीचं होतं, तिने ते 'सूचना' केलं. मी एक चूक धरली. ती म्हणाली, "सर, पण बराबर तर हाय."

"बरोबर काय ते ठरवणं तुझं काम नाही. समोर आहे ते टाइप कर. परीक्षेत डोकं चालवलंस तर गेलीस."

जरा जास्त बोललो. पण गेल्या वेळी ही दोन गुणांनी गेली ती याच शहाणपणामुळे. हिचे वडील धनसिंग कालव्यावर पाटकरी होते, रात्रपाळीला साप चावून गेले. त्यांच्या जागेवर हिला कार्यालयात लिपिक म्हणून घेतलं, पण अट अशी की दोन वर्षांत मराठी तीसची परीक्षा पास व्हायची. मुदत जूनला संपते. म्हणजे मेची परीक्षा ही शेवटची. घरात हिची आई आणि दोन धाकट्या बहिणी, कमावणारी ही एकटी.

म्हणून रागावलो. कुणीतरी रागवायलाच हवं.

६ फेब्रुवारी, शनिवार

तीन वेळा ग्राहक सेवा. एकदा बासरी, एकदा बासरी, एकदा फोनच कट.

८ फेब्रुवारी, सोमवार

प्रियदर्शनीचा फोन. "पप्पा, एपीएन काय टाकलंय?" सांगितलं. "बरोबर आहे. यूजरनेम?"

"कंपनीने दिलंय तेच."

"कंपनीनं दिलंय? बहुतेक लागत नाही. काय दिलंय?"

"ते आणि पासवर्ड एकच आहे. सांगता येणार नाही. कुणालाही सांगायचं नाही, हे तूच शिकवलंस."

ती हसली. म्हणाली, बरं. मग टॉवरचा प्रॉब्लेम असेल, खिडकीत नेऊन बघा. शकुबाईची लुगड्यांची पेटी ओढून खिडकीशी आणली, वर संगणक ठेवला. टॉवरच्या पाचपैकी चार काड्या आल्या. जोडणी तुटली ती तुटलीच.

संध्याकाळी पुजा आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "सर, हिंगोलीच्या कॅफेत जाऊन भरून टाकू का? मी सुट्टी काढते एक दिवस."

"पत्र वाचलंस का? स्वतःच्या संगणकावरून, स्वतःच्या जोडणीवरून."

"बाकीचे सारे इन्स्टिट्यूटवाले कॅफेतूनच भरून राहिले सर. माझ्या हापिसातला एकजण सांगत होता."

"बाकीचे काय करतात ते मला सांगू नकोस."

बाकीच्यांचे अर्ज त्रुटीसाठी परत येतात. माझे येत नाहीत.

१० फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्रीची जत्रा भरायला लागली. देवळाच्या भोवती पाळणे, रसवंत्या, भोंगे. हजारो माणसं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. टॉवरला माझ्याकडे बघायला वेळ कुठला? आता कळलं जोडणी का तुटते ते.

(शकुबाई म्हणते, जत्रा आजपासून हाय, तुमचं तर आठ दिवसांपासून तुटून राहिलं. तिला तंत्रातलं कळत नाही.)

१२ फेब्रुवारी, शुक्रवार. महाशिवरात्र

दुपारी मिराबाई आली, पुजाची आई. दर्शनाची रांग करून तांड्याकडे परतत होती. दारातच बसली, वर ये म्हटलं तरी येईना.

"मास्तर, पोरीचं कागद गेलं का?"

"जाईल. सोमवारपर्यंत मुदत आहे."

"हापिसातले म्हणतेत, परीक्षा न्हाई झाली तर घरी बसवतेत. व्हय का?"

"होईल परीक्षा."

"तुमी म्हणता तर होईल." ती उठली. पदरातून प्रसादाचा नारळाचा तुकडा काढून शकुबाईच्या हातावर ठेवला. "तिचा बाप म्हणायचा, मास्तर रागीट हाय पण कागदाचा पक्का हाय."

ती गेल्यावर मी संगणकासमोर बसलो आणि सोळा वेळा प्रयत्न केला. सोळाव्या वेळी कार्ड उपसून भिंतीवर फेकलं. टोपण उडालं, कार्डाला काही झालं नाही. तेवढं मात्र मजबूत बनवतात.

१५ फेब्रुवारी, सोमवार

हे मी शांतपणे लिहिणार आहे.

सकाळी नऊ ते बारा जोडणी नाही. बाराला पुजा कार्यालयातून अर्धी रजा टाकून आली. अर्जांची फाइल उचलली आणि चपला घालून जिन्यात उभी राहिली. मी मागोमाग निघालो. जत्रेमुळे एसट्या गावाबाहेर लावलेल्या, तिथवर पाऊण तास पायी. हिंगोलीत पोचायला अडीच वाजले. पहिल्या कॅफेत लाइट नाही. दुसऱ्यात चार संगणक आणि वीस माणसं. बसायला मिळालं तेव्हा साडेतीन झाले होते.

पुजा टाइप करायला बसली, मी फाइलमधून वाचून सांगत होतो. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, विषय, फोटो. मी म्हणालो, क्रमाने घे, मागेपुढे करू नकोस, नंतर मेळ लागत नाही. काय वेग होता तिचा! एकोणीस अर्ज होते. नवे आधी, पुन्हा बसणारे शेवटी, असा आमच्या रजिस्टरचा क्रम. पुन्हा बसणारी एकच होती.

अठरावा अर्ज गेला तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. एकोणिसावा तिचा स्वतःचा. भरून झाला. फोटो चढवताना चक्र फिरत राहिलं. फिरत राहिलं. मग पाटी आली: अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

मी तिला तिथेच झापलं. सगळ्यांसमोर. "आधी स्वतःचा भरायचा ना! एवढं कळत नाही? अक्कल कुठे ठेवली होतीस?"

ती खुर्चीवरून उठली. फाइलमधले कागद सरळ करत म्हणाली, "तुमीच म्हणलात सर. क्रमानं."

कॅफेवाला म्हणाला, "काका, त्या ताईला काहून ओरडून राहिले? तिनंच भरले ना सगळे?" मी त्यालाही काहीतरी बोललो.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी दोन बाकं मागे. तांड्याच्या फाट्यावर उतरली. उतरताना मला म्हणाली, "येते सर." रोज म्हणते तसंच.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

मंडळाच्या विभागीय कार्यालयात अमृतराव लिपिक आहेत, जुनी ओळख. त्यांना फोन केला. ते म्हणाले, मुदतीनंतरचा अर्ज आठवडाभर हाताने घेतात, पण संस्थेने लेखी कारण द्यावं लागतं. उमेदवाराची चूक असेल तर अर्ज घेत नाहीत. तांत्रिक बिघाड असेल तर घेतात, पण कंपनीचा तसा दाखला जोडावा लागतो. संस्थेची चूक असेल तर अर्ज घेतात, मात्र निष्काळजीपणाचा शेरा बसतो आणि वर्षभर परीक्षा केंद्र काढून घेतात.

"तातेराव, तुम्ही सरळ लिहा, उमेदवार मुदतीत आली नाही. सगळे तेच लिहितात. तुमच्या केंद्राला धक्का नको."

"आणि तिचं काय?"

"ती पुढच्या वेळी बसेल."

तिला पुढची वेळ नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. कारण मला ठाऊक आहे की चूक कंपनीची आहे, लिनक्सची आहे, जत्रेची आहे, तार तोडणाऱ्यांची आहे. कंपनीने दाखला द्यायलाच पाहिजे. बासरी, बावन्न मिनिटं.

पुजा संध्याकाळी नेहमीच्या वेळी सरावाला आली. सात नंबरच्या मशीनवर बसली, कागद चढवला. मला ते बघवेना. "आता काहून येऊन राहिली?" असं मीच तिच्या भाषेत बोलून गेलो.

"बोटं सुटतेत सर, एक दिवस बी सोडला की."

१७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दार उघडलं तर प्रियदर्शनी पायरीवर. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हणालो, "आता काय उपयोग? मुदत गेली." ती म्हणाली, "कंपनीच्या दाखल्यासाठी काय बिघाड आहे ते तरी बघू द्या. का हात लावू नको?"

लाव म्हणालो.

ती बसली. एक खिडकी उघडली. थोडं वाचलं आणि तिच्या तोंडून एक आवाज आला, म्हणजे हसू दाबताना येतो तसा. मग दाबलंच गेलं नाही. डोकं टेबलावर ठेवून हसायला लागली. शकुबाई पिठाच्या हातानेच धावत आली.

"पप्पा, हे कोरा कुणी सांगितलं?"

"कंपनीने. मी लिहून घेतलंय. दोन्हीकडे कोरा."

"अहो पप्पा, कोरा म्हणजे कोरा! रिकामं! काहीच लिहायचं नाही!"

तिने चार अक्षरं पुसली. खालची चार पुसली. चक्र अर्धा फेरा फिरलं आणि जोडणी झाली. पडद्यावर पुण्याचं हवामान आलं.

शकुबाई म्हणाली, "अवं, कोऱ्या कागदावर काय तुमी 'कोरा' असं लिहिता व्हय?"

मी दोघींनाही बाहेर जायला सांगितलं.

त्या पोरीने 'रिकामं सोडा' असं म्हणायला हवं होतं. 'काही लिहू नका' म्हणायला हवं होतं. शब्द तोलून वापरायचा नाही आणि ग्राहक सेवेत बसायचं. तिची तक्रार करायला पाहिजे. वरपर्यंत.

(नंतर.) मराठीत सांगा, असं मीच म्हणालो होतो.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

खुलाशाचं पत्र तीनदा टाइप केलं.

पहिलं: "दूरसंचार जोडणीतील तांत्रिक बिघाडामुळे..." कंपनीचा दाखला कुठून आणू? जोडणी तर इतकी उत्तम चालते की प्रियदर्शनी तिच्यावर ऑफिसचं काम करत बसली आहे. फाडलं.

दुसरं: "सदर उमेदवार विहित मुदतीत..." एवढं टाइप केलं आणि थांबलो. पलीकडे सात नंबरवर पुजाच्या मशीनचा आवाज चालू होता. चौतीसचा वेग कानाने कळतो मला. या वाक्यात एकही चूक नव्हती. फाडलं.

तिसरं अर्धं आहे.

बावीस वर्षं परीक्षा केंद्र आमच्या औंढ्यात आहे. केंद्र गेलं तर पोरं हिंगोलीला जातील, परीक्षेला जातील तशी शिकायलाही जातील. संगणकाचे क्लास निघालेत तिकडे. बंद झालेली दुकानं मी पाहिली आहेत. आधी पाटी पुसट होते.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी प्रियदर्शनीने विचारलं, "पप्पा, काय लिहिणार?"

"बघतो."

"तुमच्या जागी मी असते तर तांत्रिक बिघाडच लिहिलं असतं. मी दाखल्यासारखं काहीतरी करून देऊ? लेटरहेड बनवायला दहा मिनिटं."

"खोटं लेटरहेड?"

"ती पोरगी नोकरीवरून जाईल पप्पा."

"मला माहीत आहे ती काय होईल!" मी ओरडलो. इतका की बाहेरची सगळी मशीन थांबली. पुजाचंसुद्धा.

ती उठून दारात आली. म्हणाली, "सर, माझ्यासाठी केंद्र घालवू नका. पोरं शिव्या देतील मला."

"तुला कुणी विचारलं? पॅसेज पुरा कर."

एकटा बसलो तेव्हा कळलं की मला तिचाच राग आलाय. ती रडली असती, भांडली असती, तर मला रागवायला जागा झाली असती. ती कागद सरळ करते आणि बसते. बाकी कुणावर ढकलू? टॉवरवर ढकललं, जत्रेवर, वैजनाथवर, पोरीवर. आठ तारखेला पुजाने कॅफेचं विचारलं तेव्हा सात दिवस हातात होते.

तिसरं पत्र पूर्ण केलं. सात ओळींचं आहे.

२२ फेब्रुवारी, सोमवार

पहाटेच्या गाडीने विभागीय कार्यालयात. पुजाला बरोबर नेलं, अर्जावर तिची सही समोर लागते. अमृतरावांनी पत्र वाचलं, मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ते आत साहेबांकडे घेऊन गेले. आम्हाला आत बोलावलं. पुजा दाराशी उभी.

साहेब तरुण होता. मोठ्याने वाचायला लागला.

"'जोडणीसाठी यूजरनेम व पासवर्ड कोरा ठेवावयाचा असता, मी दोन्ही ठिकाणी कोरा हा शब्द टाइप केला. त्यामुळे बारा दिवस जोडणी होऊ शकली नाही. उमेदवाराने दिनांक ८ रोजीच पर्याय सुचविला होता, तो मी नाकारला. अखेरच्या दिवशी तिने इतर अठरा अर्ज माझ्या सांगण्यावरून स्वतःच्या आधी भरले. उमेदवाराची कोणतीही चूक नाही. चूक संस्थेची, म्हणजे माझी आहे.'"

पहिल्या वाक्याला तो थांबला होता, तिथेच परत गेला. पुन्हा वाचलं. मग खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली, "अरे इकडे या, हे वाचा." ते आले. एकाने डोळे पुसले. "सर, हे फ्रेम करून लावा," दुसरा म्हणाला.

मी उभा होतो. माझ्या वयाच्या माणसाला बस म्हणावं, हे कुणाला सुचलं नाही. मागे बघितलं नाही, पण पुजा हसत नव्हती एवढं मला कळत होतं.

"तातेराव," साहेब डोळे पुसत म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे ना, असं लेखी दिलं की केंद्र जातं? वर्षभर. मी काही करू शकत नाही. अजून वेळ आहे, दुसरं काही लिहून आणा."

"वाचता येतंय ना ते?"

"येतंय."

"चूक आहे का टायपिंगची कुठे?"

त्याने खरंच पुन्हा पाहिलं. "नाही."

"मग हसून झालं असेल तर अर्ज घ्या."

साहेब खुर्चीत सरळ बसला. त्याने पुजाला पुढे बोलावलं, सही घेतली. अर्ज दाखल करून घेतला. माझ्या पत्रावर लाल शाईने शेरा लिहिला, 'संस्थेचा निष्काळजीपणा, केंद्र स्थगित', आणि तारीख घातली. मग पुजाच्या पोचपावतीवर शिक्का मारला आणि ती तिच्या हातात दिली.

मी ती तिच्या हातातून घेऊन उजेडात धरली. शिक्का डावीकडे पुसट उमटला होता. तारखेचा पहिला आकडा दिसत नव्हता.

पावती त्याच्या टेबलावर परत ठेवली आणि म्हणालो, पुन्हा मारा.